हिरवा दिवा लागला, पण पेटीशी जुळेना

मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात भावगीतांच्या कार्यक्रमावरून जो काही गोंधळ झाला, तो तुमच्यापैकी बहुतेकांनी वाचलाच असेल. दोन गिटार, एक पेटी, एक व्हायोलिन आणि फोनवरचा तानपुरा. तालमीत प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर होता आणि सगळे मिळून ऐकवत नव्हतं. मी सहज लिहिलं की मंडळाच्या पैशातून एक चांगला ट्यूनर घेऊ या. त्यावर एका सिनिअरचं उत्तर आलं, ‘ट्यूनर म्हणजे कुबडी. त्यापेक्षा कान तयार करा.’ त्याला चौदा अंगठे मिळाले. मी जे उत्तर टाइप केलं ते फार लांबलं, म्हणून संपादकांनीच सांगितलं, ग्रुपवर नको, अंकासाठी दे.

तर हे ते उत्तर. पण ते समजायला आधी कडोदऱ्याला यावं लागेल.

कडोदरा म्हणजे सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातलं गाव. आता गाव म्हणायचं फक्त सवयीनं. मुंबई-अहमदाबाद हायवे आणि सुरतहून बारडोलीमार्गे धुळ्याकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना कापतात, ते हे कडोदरा चार रस्ता. आजूबाजूला डाइंगच्या मिल, संच्यांची खाती आणि त्यांत काम करणारे ओडिशाचे, उत्तर प्रदेशचे, बिहारचे आणि आमच्या खानदेशचे लोक. पप्पा पंचवीस वर्षांपूर्वी धुळ्याकडून इथे आले, लूमवर लागले, अजून तिथेच आहेत. मी सुट्टीला फ्लाइंग राणीनं सुरतला उतरतो आणि तिथून पुढे शेअर रिक्षानं घरी.

आमच्या गल्लीत भजनी मंडळ आहे. दरवर्षी सप्ताह होतो. मांडव, सात दिवस हरिपाठ, कीर्तनं, शेवटी काला, सगळं गावाकडच्यासारखं. सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही असा रिवाज. पहारा बदलतो, वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते, घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो. रात्री दोन वाजताही कुणीतरी वीणा घेऊन उभं असतं, आणि बऱ्याचदा तो माणूस बारा तासांची पाळी करून आलेला असतो.

गेल्या वर्षी मी घरी गेलो तो खिशात नवाकोरा क्लिप ट्यूनर घेऊन. ऑनलाइन साडेतीनशे रुपयांना मिळाला होता. कॉलेजात गिटारला लावून लावून मला त्याचा भारी अभिमान. संध्याकाळी हरिपाठाला गेलो तर वीणेकरी आबांच्या गळ्यात वीणा होती. मला ती उतरलेली वाटली. खरं सांगायचं तर वाटली बिटली काही नव्हती, मला फक्त ट्यूनर दाखवायचा होता. मी क्लिप वीण्याच्या दांडीला लावली, तार छेडली. पडद्यावर लाल. सगळ्यांसमोर म्हणालो, ‘आबा, वीणा बेसूर आहे तुमची.’ आबा काही बोलले नाहीत. वीणा त्यांच्या गळ्यातच होती, मी त्यांच्या खांद्यापाशी उभा राहून खुंट्या पिळल्या. चारही तारांना हिरवा दिवा. पोरं मोबाईल काढून बघायला लागली.

मग पेटीवाल्या मामांनी काळी एकचा सा धरला.

ज्यांनी दोन जवळजवळ सारखे स्वर एकत्र ऐकलेत त्यांना कळेल काय झालं ते. आवाज स्थिर राहत नाही, हेलकावतो. वांव-वांव-वांव. मामांनी पेटीवरचा हात न उचलता माझ्याकडे बघितलं आणि अहिराणीत विचारलं, ‘भाऊ, तुनं डबडं काय म्हनस?’ मांडव हसला. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी हनुवटी दांडीवर टेकवली, तार छेडली, खुंटी थोडी वर, परत थोडी वर. एका मिनिटात हेलकावा थांबला. मी लावलेला हिरवा दिवा पुन्हा लाल झाला, आणि वीणा सुरात आली.

आता यात ट्यूनर खोटं बोलला का? नाही. त्याला जे विचारलं त्याचं उत्तर त्यानं बरोबर दिलं. चूक विचारणाऱ्याची. जगभर ‘ए’ म्हणजे 440 हर्ट्झ असं धरून यंत्रं बनतात. त्या हिशेबानं काळी एक, म्हणजे गिटारवाल्यांचा सी शार्प, साधारण 277 हर्ट्झवर येतो. पण आमच्या मंडळाची पेटी जुनी, कुणाकडून तरी सेकंडहँड घेतलेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मांडव रिकामा असताना मी ट्यूनर माइकवर टाकून तिचे सूर मोजले. काळी एक सुमारे पंचवीस सेंट चढी निघाली. सेंट म्हणजे सुरातलं अंतर मोजायचं माप. अलेक्झांडर एलिस या इंग्रज माणसानं 1885 साली ते मांडलं. पेटीवरच्या एका पट्टीपासून लगेच शेजारच्या पट्टीपर्यंत शंभर सेंट, पूर्ण सप्तक बाराशे. म्हणजे आमची पेटी पाव पट्टी वर. 277च्या आसपास पंचवीस सेंट म्हणजे जवळपास चार हर्ट्झ, आणि म्हणून तो हेलकावा सेकंदाला चार वेळा येत होता. मी नंतर घड्याळ लावून मोजला. गणित जुळलं तेव्हा लाज थोडी कमी झाली. थोडीच.

पेटीचे सूर पत्तीवर ठरतात. भजनाच्या मध्येच ते खुंटी पिळून बदलता येत नाहीत. मग जे बदलता येतं त्यानं, म्हणजे वीण्यानं, तानपुऱ्यानं, गिटारनं पेटीकडे जायचं. मंडळाच्या तालमीत आपलं हेच चुकत होतं. दोन्ही गिटारवाले आपापल्या फोनवर 440ला तारा लावून आले, व्हायोलिननं गिटारकडून सूर घेतला, आणि पेटी कपाटातून काढली ती आपल्याच सुरात. सगळे बरोबर, फक्त एकमेकांशी नाही.

म्हणून ट्यूनर घेताना माझ्या मते सर्वांत आधी बघायची गोष्ट एकच. त्यात 440चा आकडा बदलता येतो का? बऱ्याच ट्यूनरमध्ये 430 ते 450 पर्यंत तो हलवता येतो. पेटीचा सा वाजवायचा, काटा मध्ये येईपर्यंत आकडा वरखाली करायचा, आणि मग त्याच आकड्यावर बाकीची वाद्यं लावायची. आमच्या पेटीला 446 लागला. स्वस्तातल्या काही ट्यूनरला हे बटणच नसतं, आणि बॉक्सवर तर लिहिलेलं असतं ‘प्रोफेशनल’. दुसरं म्हणजे तो क्रोमॅटिक हवा, बारा स्वर ओळखणारा. फक्त गिटारच्या सहा तारा ओळखणारा ट्यूनर वीण्याला किंवा काळी चारमधल्या तानपुऱ्याला काय कामाचा? फोनवरची कितीतरी फुकटची अ‍ॅप्स अशीच गिटारपुरती असतात, नाहीतर बाकीचे स्वर पैसे भरल्यावर उघडतात.

फोन की क्लिप, हा प्रश्न ग्रुपवर बराच रंगला होता. होस्टेलच्या खोलीत, दार लावून, फोन उत्तम. माइक असल्यामुळे तो पेटीही मोजतो, बासरीही. पण रंगमंचाच्या विंगेत जिथे एकजण माइक चेक करतोय आणि दुसरा संवाद पाठ करतोय, तिथे फोन कुणाचं ऐकणार? क्लिप हवेतून ऐकत नाही. वाद्याच्या लाकडाला धरून बसते आणि लाकडाचं थरथरणं मोजते. मांडवात टाळ-पखवाज चालू असतानाही ती फक्त वीण्याचंच ऐकते. घ्यायची तर दोन्ही करणारी घ्यावी, बाजूला बटण असतं. आणि तिचा नाण्यासारखा सेल एक जास्तीचा आणून ठेवावा, कारण तो कार्यक्रमाच्या दिवशीच संपतो.

ट्यूनरला ‘सा’ कळत नाही हेही लक्षात ठेवा. त्याला सी, डी, ई एवढंच कळतं. पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, पांढरी चार एफ, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. एका चिठ्ठीवर लिहून क्लिपच्या डबीत ठेवलं की काम झालं. पंचम काढताना सा-च्या पुढे सात पट्ट्या मोजायच्या.

लावताना माझी एक सवय सगळे मोडून काढायला बघत होते, शेवटी आबांनी मोडली. मी तार वर चढवून मग खाली आणायचो. तार नेहमी खालून वर न्यायची. वरून खाली आणलेली तार खुंटीत ढिली राहते आणि दोन गाण्यांत उतरते. छेडायची पण हलक्यानं, एकदाच, आणि थांबायचं. जोरात छेडलेली तार पहिल्या क्षणी चढी बोलते आणि मग आपल्या जागेवर येते. त्या पहिल्या क्षणाला बघून खुंटी पिळत राहिलात तर संध्याकाळ तिथेच संपेल.

तानपुऱ्यावर ट्यूनर लावून बघितलाय कुणी? खर्जाच्या तारेवर फार मजा येते. तुम्ही सा छेडता आणि पडदा कधी सा दाखवतो, कधी पंचम, कधी चक्क गांधार. यंत्र बिघडलेलं नसतं. जवारीमुळे तारेतून वरचे स्वर इतके ठसठशीत निघतात की पाचवा अंश, ज्याला गायक स्वयंभू गांधार म्हणतात, तोच यंत्राला मुख्य वाटतो. ज्या गोष्टीसाठी मिरजेच्या कारागिरांचा तानपुरा लोक लांबून येऊन घेतात (2024 साली मिरजेच्या तानपुऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकन मिळालं), तीच गोष्ट ट्यूनरला गोंधळात टाकते. अशा वेळी मणी मागे सारून, जीवाळी बाजूला करून, तार सपाट बोलेल अशी ठेवून मोजायचं आणि नंतर जवारी उघडायची.

आणि तो गांधार, यंत्रानं पकडला तरी, यंत्राच्या मते बेसूरच असतो. तारेतून आपोआप येणारा गांधार सा-पासून 386 सेंटवर असतो. पेटीचा आणि ट्यूनरचा गांधार 400वर. चौदा सेंटचा फरक. पंचमात मात्र फरक जेमतेम दोनच सेंटचा, 702 आणि 700. म्हणून सा आणि प लावायला ट्यूनरवर बेलाशक विश्वास ठेवा, पण गांधार गाताना त्याच्याकडे बघू नका. हा वाद आपल्याकडे नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल, निवृत्त डेप्युटी कलेक्टर, यांनी 1910 साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढलं. जिल्हा न्यायाधीश असलेले क्लेमंट्स त्यांच्याबरोबर होते, अब्दुल करीम खाँसाहेबांनी प्रयोगांना गळा दिला. त्यातून खास श्रुतींची पेटी तयार झाली आणि 1916च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत तिच्यावर खडाजंगी झाली. पुढे आकाशवाणीनं 1940 साली पेटीवरच बंदी घातली ती 1971पर्यंत टिकली. एवढ्या मोठ्या लोकांचं जिथे एकमत झालं नाही तिथे साडेतीनशे रुपयांच्या क्लिपनं निकाल द्यावा अशी अपेक्षा कशाला?

इथपर्यंत वाचून आमच्या सिनिअरला वाटेल, बघा, शेवटी कानच जिंकला. आबांनी हनुवटी टेकवली आणि यंत्र हरलं. मलाही त्या रात्री तसंच वाटलं होतं. तिसऱ्या दिवशी ते मत बदललं.

आबांना विचारलं, हनुवटी का टेकवता? म्हणाले, ‘ऐकू कुठे येतं रे आता नीट? हाडातून येतं.’ आबांनी तीस-पस्तीस वर्षं संच्यावर काढली. संच्याच्या खात्यात तुम्ही गेला नसाल. दोन माणसं शेजारी उभी असली तरी हातवाऱ्यांनी बोलतात. आवाज नव्वद डेसिबलच्या पुढे सहज जातो, आणि नव्वद ही आपल्याकडे आठ तासांच्या कामासाठीची कमाल मर्यादा. इथली पाळी तर बारा तासांची. अशा आवाजात आधी 4000 हर्ट्झच्या आसपासचं ऐकणं जातं. माणसाला कळतही नाही, कारण समोरच्याचं बोलणं ऐकू येत असतं, फक्त स, श, त स्पष्ट होत नाहीत. मग कानात शिटी वाजायला लागते. पप्पा टीव्हीचा आवाज का वाढवतात यावरून आमच्या घरी वर्षानुवर्षं भांडणं झाली. ते मुद्दाम करतात असं मला वाटायचं.

आबांनी कान तयार केला तो संच्यावर येण्याआधी, गावी, वडिलांच्या मांडीवर. जेवढा उरला त्यावर आणि हाडावर ते भागवतात. पण त्यांच्यानंतर पहारा घेणारा जो आहे तो चोवीस वर्षांचा, सतराव्या वर्षापासून लूमवर. त्याचे कान तयार व्हायच्या आधीच खर्च झाले. रात्री आठला पाळी सुटते, नऊला तो मांडवात येतो, कानात शिटी घेऊन. त्याला ‘कान तयार कर’ सांगायचं? कधी? कुठल्या कानानं? आपण गाण्याच्या क्लासला जातो, होस्टेलमध्ये तानपुरा लावून झोपतो, आपल्याला ते शोभतं. सप्ताहात मी त्याला क्लिप दिली. त्यानं आबांच्याच पद्धतीनं हनुवटी दांडीला लावली, डोळा क्लिपवर ठेवला, आणि हळूहळू खुंटी वर नेली. हिरवा दिवा लागल्यावर लगेच हात सोडला नाही. थोडा थांबला. ‘हां, असं लागतं होय,’ म्हणाला. त्याला स्वर कळला की थरथर कळली, मला माहीत नाही. काल्याच्या दिवशी वीणा त्यानंच लावली, आणि पेटीशी जुळली.

म्हणून माझं मत असं आहे. ट्यूनर कानाच्या आड येतो तो आपल्यासारख्यांच्या, ज्यांना कान आहेत आणि कष्ट नकोत. गाणं चालू असताना क्लिपकडे बघणाऱ्या गिटारवाल्याला (मी स्वतःला धरून बोलतोय) जरूर बोला. मंडळात मी असा नियम सुचवतो की सा आणि प लागले की क्लिप काढून डबीत टाकायची, आणि बाकीच्या तारा त्यांच्यावरून ऐकून लावायच्या. हा त्रास घ्यायला आपल्याकडे वेळ आहे. पण हा नियम कुणी सरसकट सगळ्यांना लावू नये, आणि ज्याला गरज आहे त्याला कुबडी म्हणून हिणवू तर नयेच. कॉर्गनं 1975 साली हातात मावणारा ट्यूनर काढला तेव्हा त्यांच्या डोक्यात कडोदऱ्याचा लूम कामगार नक्कीच नव्हता. पण आज त्या यंत्राचा सगळ्यात न्याय्य उपयोग मला तिथेच दिसला.

आणि आबांची मी माफी मागितली का, असं घरी आईनं विचारलं होतं. मागितली. पण सगळ्यांसमोर बोललो होतो आणि माफी एकट्यात मागितली, हे मला अजून खटकतं. ते म्हणाले, ‘तुझं यंत्र चांगलं आहे, त्याला पेटी ऐकवायची राहिली.’ दिवाळीनंतर आबा कायमचे गावी गेले. मुलानं तिकडे घर बांधलंय. जाताना वीण्याची गवसणी नवी शिवून ठेवून गेले.

क्लिप मी मंडळालाच ठेवून आलो. गवसणीच्या खिशात डबी, डबीत चिठ्ठी, चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात ‘446, काळी एक, सी शार्प’. तीन महिने सगळं ठीक चाललं.

मग एका रात्री साडेनऊला मला त्या पहारेकऱ्याचा फोन आला. मागे टाळ वाजत होते, तो ओरडूनच बोलत होता. पेटी दुरुस्तीला सुरतला दिली होती, पत्त्या घासून, नव्यानं लावून आजच परत आली. हिरवा दिवा लागतोय, पण जुळत नाहीये. मी म्हटलं, चिठ्ठी फाडून टाक, आणि मामांना सांग सा धरायला.